माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर: अनेक तोंडांची संघर्षकथा वाचायला बसताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या रविवारच्या वाचनगटातल्या एका काकूंनी शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आणून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाल्या, “भाऊसाहेब, हे बदलून घ्या. बांधणी चुकलीय. कर्ण चांगला बोलत होता, मधेच कुंती सुरू झाली. दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाची पानं शिवलीत.”

हशा पिकला, पण काकूंचं फारसं काही चुकलं नव्हतं. आपण लहानपणापासून गोष्ट एका तोंडून ऐकत आलो. आजी सांगते, कीर्तनकार सांगतो, फार तर मधे मृदंग वाजतो. बोलणारा माणूसच अर्ध्यात बदलला आणि नवा माणूस आधीच्याला खोटं पाडायला लागला, की चुकल्या-चुकल्यासारखं होणारच. युद्ध, दंगल, भाऊबंदकी, राज्याची वाटणी अशा विषयांवर लिहिताना कित्येक लेखक मुद्दाम हा खेळ करतात. ज्यांना तो नवा आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझी नोकरी महसूल खात्यात गेली, बरीचशी सांगली जिल्ह्यातच. बांध कोरला, रस्ता अडवला, पाण्याची पाळी चुकवली, विहिरीतला हिस्सा नाकारला, अशा प्रकरणांत जबाब लिहून घेण्यात हयात गेली. प्रत्येक जबाबाच्या शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, ‘वरील जबाब वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ हजारदा लिहिलं असेल, पण अर्थ लागला तो निवृत्तीनंतर कादंबऱ्या वाचताना. जबाब खरा आहे असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही. सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, एवढंच. अनेक तोंडांची कादंबरी वाचताना प्रत्येक भागाखाली हे वाक्य मनातल्या मनात लिहीत चला. निम्मं काम तिथंच होतं.

आधी पुस्तक निवडा

जाडजूड ग्रंथाला एकदम हात घालू नका. जपानी लेखक र्‍युनोसुके अकुतागावा यांची १९२२ सालची एक कथा आहे. इंग्रजी अनुवादात ती ‘इन अ ग्रोव्ह’ या नावानं सापडते, आणि एका बैठकीत संपते. बांबूच्या राईत एका सामुराईचं प्रेत मिळतं आणि सात जण सात जबाब देतात. लाकूडतोड्या, वाटेवरचा भिक्षू, पोलीस, मेलेल्याची सासू, डाकू, मेलेल्याची बायको, आणि शेवटी अंगात आलेल्या बाईच्या तोंडून खुद्द मेलेला. मधे निवेदक नाही, शेवटी निकाल नाही. आम्हा जुन्या कारकुनांना तर ही कथा म्हणजे एखादी फाईलच वाटते. अकिरा कुरोसावांनी तिच्यावरून १९५० साली ‘राशोमोन’ हा चित्रपट काढला, पण त्यात त्यांनी स्वतःचं बरंच घातलंय. म्हणून आधी कथा वाचा, चित्रपट मागाहून बघा.

मराठीत सुरुवात करायची तर ‘ययाति’. वि. स. खांडेकर आपल्या सांगलीत जन्मलेले, ११ जानेवारी १८९८ ला. कादंबरी १९५९ ची, आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना तिच्यामुळं मिळाला. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा असे तीनच मुख्य बोलणारे, आणि कोण बोलतंय ते भागाच्या डोक्यावर लिहिलेलं. त्यानंतर ‘मृत्युंजय’ घ्या. १९६७ चं पुस्तक, नऊ भाग, बोलणारे सहा. कर्ण चार वेळा बोलतो. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण एकेकदा.

सातारा भागातले असाल तर एखादा रविवार महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला काढा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. लोकांच्या घरांतून कपाटं आहेत, कुठंही बसून फुकट वाचता येतं.

पहिली पायरी: जबाबाचं पान

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक बोलणाऱ्याला एक पान द्या. पानाच्या वर चार गोष्टी लिहा. हा कोण. घटना घडली तेव्हा हा कुठं होता. यानं डोळ्यांनी काय पाहिलं आणि दुसऱ्याकडून काय ऐकलं. आणि हा हे सगळं कुणापुढं बोलतोय.

पहिल्या तीन गोष्टी लोक लिहितात, चौथी हमखास सोडतात. राईतल्या कथेत लाकूडतोड्यापासून डाकूपर्यंतचे पाच जण अधिकाऱ्यापुढं बोलतात. बायको बोलते ती कियोमिझूच्या देवळात, कबुली म्हणून. मेलेल्याला तर आता कुणाचंच भय उरलेलं नाही. माणूस फौजदारापुढं एक बोलतो आणि देवापुढं दुसरं, हे तुम्हाला मी काय सांगावं. चावडीवर “मला काहीच दिसलं नाही साहेब” म्हणून अंगठा उठवलेला माणूस संध्याकाळी पारावर तीच हकीकत अर्धा तास रंगवून सांगताना मी ऐकलाय. दोन्ही वेळा तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. ऐकणारे बदलले होते.

पाहिलेलं आणि ऐकलेलं यांतही गफलत होऊ देऊ नका. कादंबरीतलं पात्र ऐकीव गोष्ट अशा तावानं सांगतं की पाच पानांनंतर आपण ती त्यानं पाहिलीच असं धरून चालतो. वहीत अशा वाक्यापुढं ‘ऐ’ लिहा. मी तेच करतो.

दुसरी पायरी: हद्दीचे दगड शोधा

बांधाच्या भांडणात दोन्ही शेतकरी शपथेवर बोलतात. मोजणीवाला आला की आधी कुणाचं ऐकत बसत नाही. जुने हद्दीचे दगड कुठं आहेत ते बघतो. कादंबरीतही असे दगड असतात. सगळ्यांच्या सांगण्यात जे सारखं येतं, किंवा ज्याला कुणीच हरकत घेत नाही, ते वेगळ्या पानावर उतरवा.

राईतल्या कथेत दगड थोडेच आहेत. एक प्रेत. देवदाराच्या बुंध्याशी एक दोर आणि एक फणी. आणि लाकूडतोड्या सांगतो की तिथं हत्यार नव्हतं. आता गंमत बघा. खुनाच्या प्रकरणात माणसं “मी नाही त्यातला” म्हणतात, हा आपला अनुभव. इथं उलटं आहे. डाकू म्हणतो मी मारला. बायको म्हणते मी मारला. मेलेला म्हणतो मी स्वतःच स्वतःला संपवलं. तिघंही खून आपल्या अंगावर ओढून घेतात. कशासाठी? पहिल्यांदा वाचाल तेव्हा या प्रश्नापाशी थांबा, पुढं पळू नका. डाकूला आपण शूरासारखे लढलो हे सांगायचंय. बाईला आपली अब्रू कशी गेली आणि तिचं काय केलं हे सांगायचंय. नवऱ्याला मान वाचवायचाय. गुन्हा कबूल करूनही माणूस काहीतरी राखून ठेवतोच, आणि ते काय आहे ते शोधण्यातच या प्रकारच्या वाचनाची सगळी मजा आहे.

आणखी एक. मेलेल्याच्या जबाबात अगदी शेवटी कुणीतरी हलक्या पावलांनी येतं आणि त्याच्या छातीतलं हत्यार हळूच उपसून नेतं. नेणारा कोण, ते त्याला दिसत नाही. हे वाक्य आणि लाकूडतोड्याचं ‘हत्यार नव्हतं’ हे वाक्य कथेच्या दोन टोकांना आहेत. शेजारी ठेवल्याशिवाय काही उमगत नाही. मी दोनदा कथा वाचली, माझ्या लक्षात आलं नाही. आमच्या गटात बेदाण्याचा व्यापार करणारे एक जण आहेत, त्यांनी पहिल्याच वाचनात विचारलं, “मग हत्यार गेलं कुठं? माल बेपत्ता हाय की.” तीस वर्षं पंचनामे मी केले आणि मुद्देमालाचा विचार त्यांनी केला.

तिसरी पायरी: कोण कुठला शब्द वापरतो

यासाठी बाहेरचं उदाहरण कशाला, आपल्याच मातीतलं घ्या. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसकट, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली लोकांनी स्वतःचा कारभार चालवला. पुस्तकात त्याला ‘प्रतिसरकार’ म्हणतात, गावात जुनी माणसं ‘पत्रीसरकार’ म्हणतात. ‘पत्री’ कुठून आली याच्याही कथा वेगवेगळ्या. कुणी सांगतं, खबऱ्यांच्या तळपायांना पत्रे ठोकायचे. कुणी सांगतं, छे, नुसते तळपायावर फटके द्यायचे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेनं, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलानं, पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली. सरकारी कागदात ती लूट झाली. सेनेतल्या माणसांना हा शब्द म्हातारपणीही सोसत नसे. इंग्रजांनी लुटून नेलेले लोकांचे पैसे आम्ही परत आणले, असं त्यांचं म्हणणं. गाडी एक, रक्कम एक, आणि एका क्रियापदानं माणूस चोर तरी ठरतो नाहीतर खजिनदार तरी.

कादंबरीत हेच बघायचं. ‘मृत्युंजय’ वाचताना एक पान नुसतं कर्णाच्या नावांसाठी ठेवा. सूतपुत्र कोण म्हणतं, राधेय कोण, अंगराज कोण, आणि कौंतेय हा शब्द कुणाच्या तोंडी कधी येतो. शंभर पानांत तुम्हाला सभेतले सगळे गट कळतील, कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. (नोंदी वहीतच करा. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीच्या रेघा मारणाऱ्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे.)

याच पायरीवर लेखकाचीही परीक्षा घ्या. आपल्या जिल्ह्यात जतचा माणूस कानडी हेल काढून बोलतो, शिराळ्याचा निराळं बोलतो. डोळे मिटून कोण कुठला ते सांगता येतं. कादंबरीतली तोंडं तशी वेगळी ऐकू येतात का? माझं स्पष्ट मत, ‘मृत्युंजय’ इथं थोडी कमी पडते. दुर्योधन काय, वृषाली काय, सगळे एकाच भरजरी भाषेत बोलतात. वरचं नाव झाकलं आणि कुठलंही पान उघडलं, तर बोलतंय कोण ते मजकुराच्या विषयावरूनच ओळखावं लागतं. गटात यावरून माझं दोघांशी वाजलंय, अजून मिटलेलं नाही.

चौथी पायरी: कुणाचा जबाबच नाही?

पंचनामा वाचताना आम्ही आधी पंचांची नावं बघायचो. पंच कुणी आणले, ते कुणाच्या भावकीतले, हे कळलं की पुढचा मजकूर कसा असेल याचा अंदाज यायचा. ‘मृत्युंजय’चे सहा बोलणारे मोजून बघा. स्वतः कर्ण. त्याची आई. त्याचा मित्र. त्याची बायको. ज्याच्याबरोबर तो वाढला तो भाऊ. आणि श्रीकृष्ण, ज्याला कर्णाच्या जन्माचं गुपित ठाऊक. पाच पांडवांतला एकही नाही. द्रौपदी नाही.

आता द्यूतसभेचा प्रसंग आठवा. भरसभेत द्रौपदीची विटंबना होते आणि कर्ण तिथं गप्प बसलेला नाही. तिच्याच आयुष्यातला सगळ्यांत भयंकर दिवस, आणि पुस्तकात तिला स्वतःचा भाग नाही. यात लेखकाची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पुस्तक कर्णाचं आहे आणि लेखकानं ते लपवलेलंही नाही. पण वाचणाऱ्यानं मनाशी नोंद ठेवावी. सहा तोंडं आहेत म्हणजे सगळ्या बाजू आल्या, असं समजून चालाल तर फसाल.

शेवटचा जबाब कुणाचा, तेही बघा. कर्ण स्वतःचं मरण शेवटपर्यंत स्वतः सांगू शकत नाही, म्हणून अखेरचा भाग श्रीकृष्णाच्या तोंडी येतो. शेवटी बोलणाऱ्यावर आपला विश्वास सहज बसतो. त्यात बोलणारा देव असला तर बघायलाच नको.

पाचवी पायरी: काळाची रेघ

ही छोटी आहे. काही लेखक बोलणारे बदलतातच, वर काळही मागंपुढं करतात. चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘हाफ ऑफ अ यलो सन’ ही २००६ ची कादंबरी नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धाची आहे, १९६७ ते १९७० मधली. घरगडी म्हणून आलेला एक पोरगा, एक शिकलेली श्रीमंताघरची बाई आणि एक इंग्रज माणूस अशा तिघांच्या नजरेतून ती चालते, आणि साठच्या दशकाची सुरुवात, मग अखेर, पुन्हा सुरुवात, पुन्हा अखेर असे चार भाग पाडलेत. वहीच्या मागच्या पानावर आडवी रेघ मारा, तिच्यावर घटना मांडत जा. मधे काहीतरी घडलंय आणि ते आपल्याला अजून सांगितलेलं नाही, हे त्या रेघेवरच्या रिकाम्या जागेवरून कळतं.

सहावी पायरी: दुसऱ्यांदा एकाचंच वाचा

ही मला पुरानं शिकवली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं. कपाटाच्या खालच्या दोन फळ्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर पुस्तकं गच्चीत उन्हाला घातली. काहींचा लगदा झाला, काही वाचली. माझी ‘ययाति’ची प्रत वाळली, पण सुरुवातीची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. उघडत होती ती देवयानीच्या एका भागापासून. टाकवेना, म्हणून तिथूनच वाचायला लागलो.

त्याआधी मी ती कादंबरी दोनदा वाचली होती आणि देवयानी म्हणजे गर्विष्ठ, हेकट बाई असं माझं पक्कं झालं होतं. कारण साधं होतं. मला ती आधी ययातीच्या तोंडून भेटली होती. तिचे भाग मी वाचायचो ते आरोपीचा जबाब वाचावा तसे. आता ययाती चिकटलेल्या पानांत अडकलेला, आणि समोर नुसती देवयानी. कचावर जीव टाकलेली, विद्या मिळाल्यावर तो निघून गेलेला, बाप एवढा मोठा ऋषी पण क्षणात भडकणारा. शर्मिष्ठेला दासी करून नेण्यातला तिचा हट्ट मला त्याही वेळी पटला नाही, अजून पटत नाही. पण तो कुठून आला ते दिसलं.

तुम्हाला पुराची वाट बघायला नको. पहिलं वाचन लेखकाच्या क्रमानं करा. दुसऱ्या वेळी एका बोलणाऱ्याची पानं तेवढी सलग वाचा, बाकीची कागद घालून मिटून ठेवा. ज्याचा राग आलाय त्याच्यापासून सुरुवात केलीत तर उत्तम.

एक खोड, लवकर मोडलेली बरी

चार-पाच अशी पुस्तकं वाचली की माणूस “दोन्ही बाजूंचं थोडंथोडं बरोबर असतं” असं म्हणायला लागतो. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण तो आळस आहे. एक शेतकरी म्हणतो शेजाऱ्यानं बांध चार फूट सरकवला. शेजारी म्हणतो एक इंचही नाही. म्हणून मोजणीवाला दोन फूट लिहून मोकळा होत नाही.

भीष्म साहनींची ‘तमस’ ही हिंदी कादंबरी, १९७३ ची, फाळणीच्या वेळच्या दंगलीवरची. ती वेगवेगळ्या माणसांच्या घरांत, गल्ल्यांत, बैठकांत फिरते. पण पहिल्याच प्रसंगात नथ्थू नावाचा गरीब माणूस पैसे घेऊन एक डुक्कर मारताना आपण पाहिलेला असतो, आणि ते कुणी करायला लावलं तेही आपल्याला माहीत असतं. पुढं मशिदीच्या पायरीवर ते सापडतं आणि शहर पेटतं. दंगलीत बोलणाऱ्या कुणालाच जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक. साहनींनी हद्दीचा दगड पहिल्या पानांतच रोवून ठेवलाय. त्यानंतर प्रत्येकाची भीती समजून घेता येते, तरी सगळे सारखेच निर्दोष होते असं म्हणायला जागा राहत नाही. अकुतागावांची कथा दगडच उपटून टाकते, साहनी तो आधी दाखवतात. तुमच्या हातातलं पुस्तक यांतलं कुठल्या जातीचं, ते शोधा. प्रत्येक पुस्तकाला एकच माप लावू नका.

जमलं तर गटात वाचा

पाच-सहा जण पुरे. आम्ही चिठ्ठ्या टाकून बोलणारे वाटून घेतो. पहिला अर्धा तास प्रत्येकानं आपल्या वाट्याच्या माणसाच्या तोंडून बोलायचं, ‘मला वाटतं’ म्हणायला बंदी. चिठ्ठीत नावडतं पात्र आलं तरी बदलून मिळत नाही. आमच्यातल्या एका निवृत्त हवालदारांना वृषाली आली होती. सुरुवातीला लाजले, मग असे बोलले की चहा गार झाला. त्यानंतर वह्या उघडायच्या, दगड जुळवायचे, भांडायचं. वेळ संपली की उठायचं. निकाल लागलाच पाहिजे असा आग्रह आम्ही सोडून दिलाय.

शेवटचं काम घरी करायचं. पुस्तकात ज्याला बोलू दिलेलं नाही अशा एकाचा अर्ध्या पानाचा जबाब लिहून आणायचा. ‘मृत्युंजय’च्या वेळी दोघांनी द्रौपदी लिहिली, एकानं भीम. बांधणी चुकलीय म्हणणाऱ्या काकूंनी राधा लिहिली, कर्णाला वाढवणारी. तिच्या जबाबात युद्ध आलंच नाही. नदीतून आलेली पेटी उघडली तेव्हा पोर भुकेलं होतं, अंगावर काय चमकत होतं ते नंतर बघितलं, एवढंच होतं. खाली त्यांनी आपल्या हातानं लिहिलं होतं, ‘माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’

पुस्तक मात्र त्यांनी मुदतीनंतर नऊ दिवसांनी परत केलं. दंड भरला, आणि पुढच्या आठवड्यासाठी ‘ययाति’ नावावर लिहून घेतलं.